मी विणते की विणतो? एका शाळेच्या निसर्गवहीचं प्रकरण

हे प्रकरण एका पावसाळ्याचं आहे. गाव, शाळा आणि मुलं ओळखू येतील असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. निसर्गवहीत कल्पनेला किती जागा द्यायची, हा प्रश्न मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. आम्हाला तो ऐन जुलैत पडला, आणि त्याचं उत्तर शेवटी मराठीच्या व्याकरणाने दिलं.

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडची एक लहान शाळा. सातवीत 24 मुलं. गुरुजी मराठी आणि विज्ञान असे दोन्ही विषय शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा निसर्गवहीचा तास घ्यायला मी जायचे. मुलं मला ताई म्हणायची. वही म्हणून आम्ही प्रयोगवहीच घेतली होती, एक पान रेघी आणि समोरचं कोरं असलेली. एका बाजूला लिहायचं, दुसऱ्या बाजूला चित्र काढायचं.

शाळेपासून दहा मिनिटांवर, ऊस आणि बाजरीच्या मधोमध, दगडी बांधणीची जुनी विहीर आहे. तिच्या काठावरची बाभूळ पाण्यावर झुकलेली आहे आणि त्या फांद्यांना दर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लटकतात. सुगरण वसाहत करून राहते, सगळं काम उघड्यावर करते आणि माणसं जरा लांब बसली तर फारशी बुजत नाही. विणीच्या दिवसांत नराचं डोकं पिवळंधमक होतं, तोंडावर काळपट बुरखा चढतो. मादी चिमणीसारखी मातकट असते. हंगाम सरला की नरही तसाच मातकट होतो आणि मग दोघांत फरक करणं अवघड जातं. म्हणजे जे काही बघायचं ते पावसाळ्यातच बघून घ्यायला हवं होतं.

विहिरीचा कठडा ठेंगणा होता. मुलांना तिथे जाऊ द्यायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. तीसेक पावलांवरच्या बांधावर बसायचं आणि तिथूनच बघायचं. खोप्यांनाही ते बरं होतं.

अडचण

पहिल्या तीन शनिवारच्या वह्या तपासल्या. "आज आम्ही विहिरीवर गेलो. सुगरण पाहिली. खूप मजा आली." 24 वह्यांत थोड्याफार फरकाने हीच तीन वाक्यं, फार तर कुठे घरी दिसलेल्या काजव्यांची एखादी ओळ. मी तक्ता आखून दिला: तारीख, वेळ, आभाळ, किती पक्षी, किती खोपे. आकडे आले, पण वही शनिवारी उघडायची आणि शनिवारीच मिटायची, एवढंच तिचं आयुष्य उरलं.

मग मी जे केलं त्यातून पुढचा सगळा गुंता झाला. "अशी कल्पना करा की तुम्हीच सुगरण आहात, आणि पुढच्या वेळी घरून लिहून आणा," असं मी सांगितलं आणि घरी गेले.

पुढच्या शनिवारी मनोगतांचा ढीग आला. आपल्याकडे शाळेतून गेलेल्या प्रत्येकाला हा निबंध माहीत आहे. फाटक्या पुस्तकाचं मनोगत, वठलेल्या झाडाची कैफियत. इथे सुगरण बोलत होती. "हे मानवा, तू आमची झाडे का तोडतोस?" त्या बाभळीची एक फांदीही कोणी तोडलेली नव्हती. एका वहीत सुगरण आंब्याच्या झाडावर राहत होती, एकीत ती गोड गाणं म्हणत होती. सुगरणीचा वसाहतीतला किलबिलाट कर्कश असतो, आणि मुलांनी तो तीन शनिवार ऐकला होता. मुलांकडे कल्पनाशक्ती नव्हती असं मला म्हणायचं नाही. कल्पना म्हणजे डोळे मिटून आधीच ठाऊक असलेलं लिहायचं, असं त्यांना आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं.

त्या ढिगात एक वही निराळी होती. एका मुलाने लिहिलं होतं: "रात्री खोप्यात उजेड दिसला. सुगरणीने आत काजवा चिकटवला आहे. पिल्लांना अंधाराची भीती वाटू नये म्हणून."

वर्गात भिंतीवर एक मोठा तक्ता होता, त्यावर दर आठवड्याच्या नोंदी चढायच्या. गुरुजींनी गावात बोलून ठेवलं होतं की हंगाम संपल्यावर हा तक्ता ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला द्यायचा. 2002 च्या जैविक विविधता कायद्यानंतर गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद, करायची असते, तिला मुलांच्या नोंदींची जोड मिळेल असा विचार होता. तक्ता भरायची पाळी असलेल्या मुलीने त्या वहीतून उतरवून घेतलं: "खोप्यात काजवा: 1."

सोमवारी वर्गात भांडण झालं. एक जण म्हणाला, हे खोटं आहे. काजव्याची नोंद करणारा मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "माझे आजोबा खोटं नाही बोलत." म्हणजे उजेड त्याने पाहिला नव्हता, आजोबांकडून ऐकला होता. आणि मीच त्याला "कल्पना करा" असं सांगितलं होतं, त्यामुळे त्याचं काही चुकलंही नव्हतं.

समोर काय पर्याय होते

गुरुजी आणि मी दोन संध्याकाळी यावर बोललो.

पहिला पर्याय सरळ होता: कल्पना बंद, फक्त पाहिलेलं लिहायचं. तक्ता स्वच्छ राहिला असता. पण आम्ही त्याच कोरडेपणातून बाहेर यायला बघत होतो. शिवाय त्या मुलाला कळलं असतं ते एवढंच, की आजोबांची गोष्ट शाळेत चालत नाही.

दुसरा पर्याय दोन वह्यांचा. विज्ञानाची एक, मराठीची एक. गुरुजींना सुरुवातीला हा पटला होता, मला अजिबात नाही. दोन वह्या केल्या की मराठीच्या वहीतली सुगरण पुन्हा आंब्यावर जाऊन बसणार आणि विज्ञानाच्या वहीत पुन्हा आकडेच उरणार. गोष्ट लिहिताना अडलं तर मागे वळून बघायला समोर नोंद हवी.

तिसरा पर्याय एकाच वहीत रकाने पाडायचा: डावीकडे "पाहिलं", उजवीकडे "वाटलं". तोच करायचा असं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "मग आजोबांचा काजवा कुठल्या रकान्यात?" तो पाहिलेला नव्हता आणि त्या मुलाला वाटलेलाही नव्हता. रकाना तिसरा हवा होता.

आणि मग त्यांनीच ते वाक्य टाकलं ज्यावर पुढचे चार महिने चालले: "ताई, रकाने कशाला? मराठीत याची सोय आहे की. डोळ्यांनी बघितलं तर 'दिसलं'. कोणाकडून कळलं तर 'म्हणे'. मनाने रचलं तर 'जणू'."

मला हे आधी सुचलं नाही याची खंत वाटली. आपण रोज बोलताना हा भेद न चुकता पाळतो. "तो आला" आणि "तो आला म्हणे" यांतला फरक पहिलीतल्या पोरालाही कळतो. निसर्गवहीत मात्र आम्ही मुलांना सगळं एकाच ठाम सुरात लिहायला लावत होतो.

काय केलं

नियम एवढाच ठेवला: प्रत्येक वाक्य या तीनपैकी कुठल्या जातीचं आहे ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. कल्पना चालेल, ऐकीव चालेल, पण वेश बदलून आलेली चालणार नाही. भिंतीवरच्या तक्त्यावर फक्त "दिसलं" चढेल.

पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून मुलांनी "जणू"चा पाऊस पाडला. जणू सुगरण राणी, जणू खोपा राजवाडा, जणू विहीर समुद्र. नियम पाळला होता, पण यात बाभूळ कुठेच नव्हती. म्हणून दुसरी अट घातली: "दिसलं"च्या वाक्यांना आकडे द्यायचे, आणि प्रत्येक "जणू"ने त्याच पानावरच्या एखाद्या आकड्यावर उभं राहायचं. राजवाड्याला आकडा सापडेना. एका मुलाने मात्र लिहिलं, "4. नर पायाने पानाची पट्टी दाबून धरतो आणि चोचीने दुसऱ्या टोकाची गाठ मारतो. जणू आई खाटेची सुंभ ओढतेय (4)." त्याला पंजा नीट बघावा लागला होता. त्याच्या चित्रात पहिल्यांदाच पक्ष्याला पायाची बोटं आली.

तिसरी अट मी हट्टाने घातली: माणसाला उपदेश नाही. सुगरण "हे मानवा" म्हणणार नाही. तिच्या तोंडी जे काही घालायचं ते आज बांधावर बसलेल्या त्या एका तासातलं असेल. यावर काही मुलं खरंच अडून बसली, कारण उपदेश काढला तर त्यांच्याकडे लिहायला काही उरतच नव्हतं. त्यांना मी पुन्हा विहिरीकडे तोंड करून बसवलं. ते अवघड गेलं, त्यांनाही आणि मलाही.

एक मुलगी आणि एक क्रियापद

या प्रकरणातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग एका मुलीच्या वहीतला आहे. तिला सुगरणीच्या जागी बसून लिहायचं होतं. तिने सुरुवात केली: "मी सकाळपासून विणते आहे."

सुगरण हा शब्दच स्त्रीलिंगी. स्वयंपाकात हात असलेल्या बाईलाही आपण सुगरण म्हणतो. शाळेत पाठ केलेल्या खोप्याच्या कवितेतही पिलांसाठी घर बांधणारी आईच असते. त्यामुळे "विणते" तिच्या लेखणीतून आपोआप उतरलं. पण अट होती की वाक्य आकड्यावर उभं राहिलं पाहिजे. तिने मागचं पान उलटलं. तिथे तिच्याच अक्षरात होतं: "2. पिवळ्या डोक्याचा पट्टी घेऊन आला. 3. पिवळ्या डोक्याचा विणतो. 5. मातकट रंगाची आली, खोप्याला लटकली, गेली."

ती माझ्याकडे आली आणि विचारलं, "ताई, मी विणते लिहू का विणतो?"

इथे मला निर्णय घ्यायचा होता. उत्तर मला माहीत होतं. खोपा विणतो तो नर. अर्धा खोपा झाला, शिरस्त्राणासारखा आकार आला, की तो थांबतो, पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येऊन तपासते. पसंत पडला तर आतल्या बाजूला अंड्यांची जागा तयार होते, नर खाली लोंबणारी नळी पुरी करतो आणि पुढे दुसरा खोपा सुरू करतो. नाही पसंत पडला तर तो अर्धा खोपा तसाच लटकत राहतो. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं.

मी सांगितलं नाही. "पुढच्या शनिवारी फक्त एवढंच बघ," म्हटलं. गुरुजींना ते रुचलं नाही. मुलाने थेट विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाने दडवून ठेवायचं, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. शिवाय अभ्यासक्रम मागे पडत होता. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण मला वाटत होतं की प्रश्न तिच्या गोष्टीतून आला आहे, तर उत्तरही तिथूनच येऊ द्यावं. बघा ना, तृतीय पुरुषात "सुगरण विणते" लिहून किंवा दुसऱ्या एखाद्या भाषेत तिला हा प्रश्न टाळून पुढे सरकता आलं असतं. मराठीत "मी" म्हटलं की क्रियापद लगेच विचारतं, तू कोण?

दोन शनिवार ती तेवढंच बघत बसली. तिसऱ्या शनिवारी वहीत होतं:

"मी विणतो. माझी टोपी पिवळी आहे (1). ती आली, माझ्या खोप्याला उलटी लटकली, आत डोकं घातलं (6). जणू मुलगी बघायला आलेले पाहुणे घर बघतात. ती उडून गेली (7). मी रडलो."

आणि मग "रडलो" खोडलेलं होतं. बाजूला तिने स्वतःशीच लिहिलं होतं: "आकडा नाही." त्याखाली नवं वाक्य: "मी दुसऱ्या फांदीवर नवीन गाठ मारली (9)."

"मी रडलो"पेक्षा त्या नवीन गाठीने मला जास्त हलवलं. पक्ष्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळत नाही, पण त्याने पुढे काय केलं ते दिसतं, आणि गोष्टीला तेवढं पुरतं.

त्यानंतरच मी वर्गाला पक्षितज्ज्ञ सालिम अलींबद्दल सांगितलं. 1930 च्या सुमारास हा माणूस अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर असाच बसून राहिला होता, आणि एक नर एकामागून एक खोपे बांधतो, मादी पारखून निवडते, हे त्यांनी तिथे बारकाईने टिपलं. त्या मुलीने विचारलं, "त्यांनी किती शनिवार लावले?" आम्ही सगळे हसलो, तीही हसली.

काजव्याचं काय झालं

त्या मुलाची नोंद तक्त्यावरून उतरवली, पण वहीतून खोडू दिली नाही. त्याने एकच शब्द वाढवला: "सुगरण खोप्यात काजवा चिकटवते म्हणे." खाली आजोबांचं नातं आणि त्यांनी ते कोणाकडून ऐकलं तेही लिहिलं. ही समजूत आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी आढळते, हे मी त्याला सांगितलं. आजोबा एकटे नव्हते, याचं त्याला फार समाधान वाटलं.

पण ऐकीव म्हणून लिहून मोकळं होण्यावर तो थांबला नाही. जूनच्या पानांत त्याला तीन मुलांच्या वह्यांत काजवे सापडले, सगळे पहिला जोराचा पाऊस येण्याच्या आधीचे. खोप्यांची पहिली गाठ मात्र जुलैतली. त्याने दोन्ही तारखा समोरासमोर मांडल्या आणि लिहिलं, "काजवे गेल्यावर खोपे सुरू झाले. मग काजवा आणला कुठून?"

नोव्हेंबरमध्ये, पक्षी निघून गेल्यावर, वाऱ्याने पडलेला एक अर्धवट खोपा बांधाखाली सापडला. लटकणाऱ्या खोप्याला हात लावायचा नाही हे ठरलेलंच होतं, हा मात्र पडलेला होता. उलगडून बघितला तर आतल्या भिंतीला वाळलेल्या मातीचे गोळे चिकटलेले. सुगरण नर अर्ध्या खोप्यात असे मातीचे गोळे लावतो हे नोंदलेलं आहे. का लावतो याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, वाऱ्यात खोपा फार हलू नये म्हणून वजन, हे त्यातलं एक. मुलाने ते गोळे घरी नेऊन आजोबांना दाखवले. आजोबा म्हणाले, "काजवा चिकटवायची हीच माती." त्याने हे वाक्यही "म्हणे" लावून लिहून ठेवलं.

निष्पत्ती

हंगामाअखेर तक्ता ग्रामपंचायतीला दिला. त्यावरची एकही नोंद मला चोरून दुरुस्त करावी लागली नाही. "मजा आली" हे वाक्य ऑगस्टनंतर जवळजवळ दिसेनासं झालं. ते बंद करा असं आम्ही कधीच म्हटलं नव्हतं.

सगळ्यांचं जमलं असं नाही. चार-पाच मुलं शेवटपर्यंत "जणू" कसाबसा एकदा टाकून मोकळी होत. दोघांना लिहिणंच जड जायचं. बांधावर बसून ती सुंदर बोलायची, घरच्या बोलीत, पण वही उघडली की गप्प. त्यांच्या पानांवर चित्रं चांगली आहेत आणि शब्द मोजके. आणि आकड्यांच्या अटीने एका मुलीचं मन मोडलं. ती आधी पानंच्या पानं लिहायची, उनाड आणि मोकळी. नंतर एक वाक्य लिहायची आणि आकडा शोधत बसायची.

पुन्हा केलं तर

त्या मुलीसाठी मी दर महिन्याला एक पान बिनआकड्याचं ठेवीन. वर ठळक "जणू" लिहायचं आणि मग हवं ते. खूण केली की वाचणाऱ्याची फसवणूक होत नाही, मग आकड्यासाठी अडून बसायची गरज काय? हे मला ऑक्टोबरात सुचलं, तोवर तिची पानं आखडली होती.

लिहिता न येणाऱ्या दोघांसाठी बोललेलं उतरवून घेणारा जोडीदार पहिल्या दिवसापासून द्यायला हवा होता. त्यांच्या बोलीतले शब्द तसेच वहीत यायला हवे होते. मी ते नकळत प्रमाण मराठीत बदलत गेले, आणि पक्ष्यांची, गवताची घरातली नावं त्यात हरवली.

"कल्पना करा" हे तीन शनिवारनंतर, तेही घरी लिहायला म्हणून द्यायला नको होतं. घरी विहीर नव्हती, निबंधाचं पुस्तक होतं. तिथेच बांधावर बसून, समोर बघत, पाच ओळी लिहून घेतल्या असत्या तर मनोगतांचा ढीग आला नसता.

आजोबांना आम्ही एकदाही बांधावर बोलावलं नाही. नातवाच्या वहीत त्यांचं म्हणणं चार महिने येत राहिलं आणि आम्ही त्यांना एकदाही विचारलं नाही की उजेड त्यांनी स्वतः पाहिला होता का, की त्यांच्याही वाक्यात एक "म्हणे" होता.

आणि काजव्याच्या तारखांबद्दल. त्या मुलाचा तर्क चांगला होता, पण वह्या पुन्हा चाळताना माझ्या लक्षात आलं की जूनमधल्या काजव्यांच्या तिन्ही नोंदी अंगणातल्या, उघड्यावर झोपायच्या दिवसांतल्या होत्या. पाऊस लागल्यावर मुलं घरात झोपायला गेली. जुलैनंतर काजवे नव्हते की बघणारं कोणी नव्हतं, हे त्या वह्या सांगू शकत नाहीत. पुढच्या जुलैत रात्री कोणा मोठ्या माणसाबरोबर बांधावर जायचं, असं त्याने शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे.